शाळा गावाची, काळजीही गावाची

आर्द्रा नक्षत्राच्या सरी बरसल्या की पूर्व विदर्भातील धानाच्या बांध्यांमध्ये पाणी साचू लागते. परहे वीतभर वाढले की रोवणीची लगबग सुरू होते. घरातील धडधाकट माणूस चिखलात उतरतो. आई उतरते, आजी उतरते, थोरली लेकही उतरते. उन्हाच्या तडाख्यामुळे विदर्भातील शाळा उर्वरित महाराष्ट्राच्या मागून, जूनच्या अखेरीस उघडतात, म्हणजे शाळेची पहिली घंटा आणि रोवणीची पहिली हाक जवळजवळ एकाच वेळी कानी पडते. या दोन हाकांपैकी गरीब घरातील मुलाला कोणती आधी ऐकू जाईल, हे सांगण्यासाठी शिक्षणतज्ज्ञ असण्याची आवश्यकता नाही.

भंडाऱ्याहून पवनीकडे जाणाऱ्या रस्त्यावर अड्याळ हे मोठे गाव लागते. हनुमंताच्या मंदिरासाठी पंचक्रोशीत ख्यात असलेले, आसपासच्या लहान गावांना आधारवड वाटावे असे हे गाव. चंद्रपूर जिल्ह्यातील ब्रह्मपुरी तालुक्यात ग्रामगीतेच्या विचाराने उभी राहिलेली अड्याळ टेकडी निराळी. आपण बोलत आहोत ते पवनी तालुक्यातील अड्याळविषयी. एका बाजूला वैनगंगेचे खोरे, दुसऱ्या बाजूला जंगलपट्टा, मध्ये धानाची शेती आणि माजी मालगुजारी तलाव, असा हा मुलूख. २२ एप्रिल १९८८ रोजी याच तालुक्यात गोसीखुर्द धरणाची कोनशिला बसली आणि पुढील काळात अनेक गावांना आपले जुने गावठाण सोडावे लागले. शेतीचा हंगाम संपला की मजुरांची पावले कामाच्या शोधात बाहेर वळतात. कोणी वीटभट्टीवर, कोणी नागपूरच्या बांधकामांवर, तर कोणी भिवापूर परिसरातील मिरची सातऱ्यांवर. अशा मुलखात शाळा म्हणजे केवळ अक्षरओळखीची जागा राहत नाही. ती कुटुंबाच्या जगण्याशी जोडलेली असते, वा तुटलेली तरी असते.

शाळेच्या हजेरीपटावर नाव असते. वर्गात मूल नसते. हा पट आणि ही उपस्थिती यांच्यातील अंतराची कारणे वर्गात सापडत नाहीत, ती घरात सापडतात. आई रोवणीला गेल्यावर धाकट्या भावाला सांभाळणारे कोणी नसते, म्हणून दहा वर्षांची बहीण घरी राहते. मोहफुले वेचण्याचे दिवस नेमके वार्षिक परीक्षेच्या तोंडावर येतात, म्हणून जंगलालगतच्या गावातील मुलगा पहाटेच टोपली घेऊन निघतो आणि दुपारी पेंगत पेपर लिहितो. वडिलांकडे जातीच्या दाखल्यासाठी लागणारा जुना पुरावा नसतो, म्हणून हक्काची शिष्यवृत्ती हुकते. मुलीला फळ्यावरचे दिसत नाही, हे कोणाच्याच लक्षात येत नाही. तिला 'ढ' ठरवून सगळे मोकळे होतात आणि प्रत्यक्षात तिला हवा असतो एक चष्मा. यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर पाठ्यपुस्तकात नाही आणि यांपैकी एकही प्रश्न सुटल्यावाचून पाठ्यपुस्तकाचा काही उपयोग नाही.

म्हणूनच 'विद्यार्थ्याबरोबर त्याच्या कुटुंबालाही आधार देणारी शाळा' ही कल्पना आज जगभर नव्याने चर्चिली जात आहे. अमेरिकेतील मिशिगन राज्यात फ्लिंट या औद्योगिक शहरात १९३५ पासून शाळेच्या इमारती संध्याकाळी आणि सुटीच्या दिवशी साऱ्या वस्तीसाठी खुल्या करण्याचा उपक्रम सुरू झाला. इंग्लंडमध्ये केंब्रिजशायर परगण्यात हेन्री मॉरिस या शिक्षणाधिकाऱ्याने ग्रामविद्यालयांची योजना मांडली आणि १९३० मध्ये सॉस्टन येथे तिचे पहिले रूप साकारले. दिवसा मुलांची शाळा आणि संध्याकाळी त्याच छपराखाली प्रौढांचे वर्ग, वाचनालय, सभागृह. फिनलंडने १९४८ पासून प्रत्येक शालेय मुलाला मोफत भोजन देण्यास आरंभ केला. परकीय उदाहरणांचे आम्हांस वावडे नाही. चांगले जेथे असेल तेथून घ्यावे. परंतु ही कल्पना सातासमुद्रापलीकडून आपल्याकडे आली, असे जर कोणी मानत असेल तर तो आपल्याच घराच्या माजघरातील ठेवा विसरला आहे, असे म्हणावे लागेल.

तो ठेवा पाहायचा तर डहाणूजवळील कोसबाडच्या टेकडीवर जावे लागते. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले आणि त्याच वर्षी अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. १९५७ मध्ये हे कार्य कोसबाडला गेले. शहरात गिजुभाई बधेका यांच्यासमवेत बालशिक्षणाचे प्रयोग केलेल्या ताराबाईंना येथे एक साधे सत्य उमगले. बालवाडी उघडली म्हणून मुले येत नाहीत. तेव्हा त्यांनी बालवाडीच पाड्यावरील अंगणात नेली. मुलांची नखे काढणे, त्यांना न्हाऊ घालणे, गाणी म्हणणे, खाऊ देणे, सारे आयांच्या डोळ्यांदेखत. आज देशभर रूढ झालेला 'अंगणवाडी' हा शब्द या मुशीतून आला. पुढे लक्षात आले की थोरल्या मुली शाळेत येत नाहीत, कारण त्यांच्या कडेवर धाकटे भावंड असते. त्यावर मुलींना दोष देण्याऐवजी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणणारी 'विकासवाडी' उभी राहिली. बहिणीने भावंडाला सोबत आणावे, त्याला पाळणाघरात सोपवावे आणि आपण वर्गात बसावे! गुरे राखणाऱ्या मुलांसाठी गुरे चरतात तेथेच शाळा भरविण्यात आली, ती 'कुरणशाळा'. केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. त्याच्या कितीतरी आधी दोन मराठी स्त्रियांनी हे करून दाखविले होते.

कोसबाडचा धडा असा, की मूल शाळेत का येत नाही या प्रश्नाचे उत्तर आधी शोधावे आणि मग शाळेने आपला आकार त्या उत्तराप्रमाणे बदलावा. आपण नेमके उलट करतो. शाळेचा आकार मुंबईत वा दिल्लीत ठरतो आणि त्यात न मावणाऱ्या मुलाला 'शाळाबाह्य' असे नाव देऊन आपण त्याची नोंद करतो.

ही परंपरा कोसबाडपुरती मर्यादित नाही. १८७७ च्या दुष्काळात महात्मा फुले आणि सावित्रीबाई यांनी धनकवडी येथे दुष्काळग्रस्त मुलांच्या अन्नाची आणि निवाऱ्याची व्यवस्था पाहिली. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहांची मालिकाच उभी केली. खेड्यातील मुलाला शहरात राहण्या-जेवण्याची सोय नसेल तर महाविद्यालयाचा दरवाजा उघडा असूनही त्याच्यासाठी तो बंदच असतो, हे त्यांनी ओळखले होते. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्थेची मुहूर्तमेढ रोवली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एका पंक्तीत जेवू घालणारे वसतिगृह काढले. घराघरांतून मूठ मूठ धान्य गोळा करून ते चालले आणि पैशांची चणचण भासली तेव्हा लक्ष्मीबाईंच्या अंगावरचे दागिने मोडले गेले. मुष्टिफंडातील त्या मुठीचा अर्थ केवळ आर्थिक नव्हता. ज्या घराने आपल्या डब्यातील मूठभर धान्य दिले, त्या घराला ती शाळा आपली वाटू लागली. समाजाने शाळेला वाहून घेणे आणि शाळेने समाजाला आपलेसे करणे, या एकाच व्यवहाराच्या दोन बाजू होत्या.

आपल्या विदर्भाचेही या परंपरेला मोठे देणे आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यात भरलेल्या शिक्षण परिषदेतून नई तालीमची दिशा ठरली. हाताचे काम, गावचे जीवन आणि शिक्षण यांची सांगड घालणारी ती दृष्टी होती. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी मोझरीच्या गुरुकुंजातून ग्रामगीतेद्वारे गावाच्या पुनर्रचनेचा जो विचार खेडोपाडी पोहोचविला, त्यात शाळा ही गावापासून अलग काढलेली वस्तू नाही. पूर्व विदर्भातील गावोगावी सायंकाळी सामुदायिक प्रार्थनेला बसणारी माणसे आजही आहेत. अर्ध्या तासाच्या प्रार्थनेला जमणाऱ्या त्या मंडळींनी पुढचा एक तास शेजारच्या मुलांच्या अभ्यासाला दिला, तर महाराजांच्या स्मृतीस याहून चांगले अभिवादन कोणते?

अलीकडच्या काळातील उदाहरण द्यायचे तर धाराशिव जिल्ह्यातील तुळजापूर तालुक्यातील यमगरवाडीचे द्यावे लागेल. ब्रिटिशांनी १८७१ च्या कायद्याने ज्या जमातींच्या कपाळी जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला, त्या पारधी आणि अन्य भटक्या-विमुक्त समाजांतील मुलांसाठी १९९० च्या दशकात येथे निवासी विद्यालय उभे राहिले. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला, पण समाजाच्या मनातला शिक्का पुसला गेला नव्हता. गिरीश प्रभुणे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना प्रारंभीच कळून चुकले, की येथे केवळ मुलाला शिकवून भागणार नाही. त्याच्या पालाकडे जावे लागेल. शिधापत्रिका, मतदारयादीतील नाव, जातीचा दाखला यांसाठी कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवाव्या लागतील. मुलगा शाळेत असताना बाप पोलीस कोठडीत असेल, तर त्या मुलाचे लक्ष फळ्याकडे कसे लागावे? प्रभुणे यांना २०२१ मध्ये पद्मश्रीने गौरविण्यात आले. परंतु या कार्याची खरी पावती म्हणजे ज्या समाजाला वस्तीत कोणी उभे करत नव्हते, त्यातील मुले ताठ मानेने आपले नाव आणि गाव सांगू लागली, ही होय.

शासनाने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. १५ ऑगस्ट १९९५ रोजी राष्ट्रीय पोषण आहार योजना सुरू झाली. आरंभी अनेक राज्यांत ऐंशी टक्के उपस्थिती असलेल्या मुलाला महिन्याला तीन किलो धान्य मिळत असे. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिजविलेले अन्नच दिले पाहिजे असा आदेश दिला आणि शाळेच्या आवारात चूल पेटली. २०२१ पासून ही योजना 'प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण' या नावाने ओळखली जाते. १ एप्रिल २०१० पासून शिक्षणहक्क कायदा लागू झाला. २०१३ पासून शालेय मुलांच्या आरोग्य तपासणीचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये तर सकाळची न्याहारी, शाळेशी जोडलेले समुपदेशक आणि सामाजिक कार्यकर्ते, तसेच शाळेच्या वापरात नसलेल्या जागेचा समाजासाठी उपयोग करणारे 'सामाजिक चेतना केंद्र' यांचा स्पष्ट उल्लेख आहे. कागदावर काहीही उणे नाही. उणीव आहे ती या सगळ्या योजना एका मुलाच्या पायाशी एकत्र आणणाऱ्या हातांची. आहार एका खात्याचा, तपासणी दुसऱ्याची, शिष्यवृत्ती तिसऱ्याची आणि दाखला चौथ्याचा. चार खात्यांच्या चार खिडक्यांपुढे उभे राहायला रोजमजुरी बुडवून येणार कोण?

आणि कधी कधी योजनाच आपली थट्टा करते. १९९२ मध्ये महाराष्ट्रात दुर्बल घटकांतील मुलींसाठी उपस्थिती भत्ता सुरू झाला, दिवसाला एक रुपया. तेव्हा त्या रुपयाला काही मोल होते. पुढे वर्षांमागून वर्षे लोटली, महागाई कोठल्या कोठे गेली; रुपया मात्र रुपयाच राहिला. ज्या आईच्या एका दिवसाच्या रोवणीच्या मजुरीत असे शेकडो रुपये मावतात, तिच्यापुढे त्या रुपयाने मुलीला शाळेत ठेवण्याचा आग्रह कोणत्या तोंडाने धरावा?

येथे एक आक्षेप घेतला जाईल आणि तो रास्त आहे. शिक्षकांवर आधीच कामांचे ओझे आहे. माहिती भरा, छायाचित्रे पाठवा, सर्वेक्षणे करा, खिचडीचा हिशेब ठेवा. आता कुटुंबाची काळजीही त्यांनीच वाहायची काय? शिक्षणहक्क कायद्याच्या सत्ताविसाव्या कलमानुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका वगळता अन्य अशैक्षणिक कामे शिक्षकांना देता येत नाहीत. वस्तुस्थिती काय आहे, हे प्रत्येक शिक्षकाच्या घरी ठाऊक आहे. आमचे म्हणणे इतकेच, की हा आक्षेप खरा आहे आणि म्हणूनच शाळेबाहेरच्या समाजाने पुढे यायला हवे. शिक्षकाने शिकवावे. मूल शिकण्यायोग्य स्थितीत वर्गापर्यंत पोहोचेल, ही जबाबदारी गावाने उचलावी. कोसबाडची पाळणाघरे वर्गशिक्षकाने सांभाळली नाहीत आणि मुष्टिफंड गोळा करण्यासाठी कोणी परिपत्रक काढले नव्हते.

दुसरा प्रश्न अधिक गंभीर आहे. कमी पटाच्या शाळा बंद करून वा एकत्र करून मोठ्या 'समूह शाळा' उभारण्याचा विचार गेली काही वर्षे राज्यात पुनःपुन्हा डोके वर काढतो. २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या शाळांविषयी निर्णय झाला. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांचा प्रश्न ऐरणीवर आला. चार मुलांसाठी एक शिक्षक आणि एक इमारत परवडत नाही, मुलांनाही सवंगडी मिळत नाहीत, या युक्तिवादात तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. परंतु हिशेब करताना पटावरची डोकी तेवढी मोजली जातात. त्या लहान गावात शाळा म्हणजे मुलींच्या शिक्षणाची हमी असते, दुपारच्या गरम जेवणाची जागा असते, आईने निर्धास्तपणे शेतावर जाण्याचा आधार असतो, याची किंमत कोणत्या रकान्यात मांडणार? पवनी तालुक्याचा काही भाग २०१२ मध्ये घोषित झालेल्या उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्याला लागून आहे. जेथे वाघाच्या भीतीने मोठी माणसे दिवस मावळण्याआधी घर गाठतात, तेथे आठ वर्षांच्या मुलीला दोन-तीन किलोमीटरवरच्या शाळेत पाठवायला कोणता बाप तयार होईल? बस मिळेल, असे सांगितले जाते. ती पावसाळ्यातही मिळेल काय आणि जी मुलगी एकदा घरी राहिली ती पुन्हा परतेल काय, याचे उत्तर आधी द्यावे. नंतर कुलूप लावावे.

शासनाकडे ही मागणी करतानाच आपणही स्वतःला काही प्रश्न विचारले पाहिजेत. शिक्षणहक्क कायद्याच्या एकविसाव्या कलमाने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकांतून आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, असे बंधन घातले. गावाच्या हाती शाळा देणारी ही तरतूद आहे. आपल्या गावातील समितीचे सदस्य कोण, तिची बैठक केव्हा झाली, त्यात काय ठरले, हे आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल? बऱ्याच ठिकाणी सभा नोंदवहीत भरते आणि सह्या घरोघरी जमतात. ज्या मध्यमवर्गीय कुटुंबांनी आपली मुले तालुक्याच्या इंग्रजी शाळेत घातली, त्यांनी गावच्या शाळेकडे पाठ फिरविली. मग ती शाळा उरली फक्त गरिबांची, आणि केवळ गरिबांच्या शाळेकडे लक्ष देण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही.

अड्याळसारख्या गावाला काय करता येईल? फार मोठा निधी लागणार नाही. रोवणीच्या तीन-चार आठवड्यांत शाळेच्या शेजारी किंवा मंदिराच्या सभामंडपात तान्ह्या मुलांना सांभाळणारे हंगामी पाळणाघर चालविता येईल. गावातील चार आजीबाई आणि दोन सुनांनी मनावर घेतले तर पुरे. घरात एकच खोली आणि एकच दिवा असलेल्या मुलांसाठी सायंकाळी दोन तास शाळेचा वर्ग अभ्यासिका म्हणून उघडता येईल. शाळा सुरू झाल्यावर एक दिवस ठरवून गावातील निवृत्त लिपिक, तलाठी वा शिक्षक यांनी पालकांचे दाखले, आधार, बँक खाते आणि शिष्यवृत्तीचे अर्ज एका बैठकीत पुरे करून द्यावेत. ज्यांनी आयुष्यभर सरकारी कागद हाताळले, त्यांच्या अनुभवाचा यापेक्षा सुंदर उपयोग नाही. वर्षातून दोनदा डोळे, दात आणि रक्त यांची तपासणी झाली की नाही आणि तपासणीनंतर चष्मा किंवा औषध प्रत्यक्ष मिळाले की नाही, याचा पाठपुरावा एखाद्या तरुण मंडळाने अंगावर घ्यावा. कामासाठी बाहेरगावी जाणाऱ्या कुटुंबाच्या मुलाला नातेवाइकाकडे किंवा हंगामी वसतिगृहात ठेवण्याची सोय होते का, हे निघण्याआधीच पाहावे. निघून गेल्यावर हळहळून काय उपयोग? आणि शाळेत खिचडी शिजविणाऱ्या भगिनींचे तुटपुंजे मानधन वेळेवर मिळते का, याचीही चौकशी करावी. धानाच्या कोठाराच्या जिल्ह्यात मुलांच्या ताटातील भात कोणाच्या कष्टाने शिजतो, हे गावाला ठाऊक असले पाहिजे.

हे करताना दोन पथ्ये पाळली पाहिजेत. पहिले, हे उपकार नव्हेत. मदत घेणाऱ्या कुटुंबाचे छायाचित्र काढून ते मिरविण्याचा मोह टाळावा. दारिद्र्यालाही मान असतो आणि मुलांना तो मोठ्यांपेक्षा अधिक तीव्रतेने जाणवतो. दुसरे, पंक्तिप्रपंच नको. शाळेच्या ओट्यावर बसणारे मूल कोणत्या मोहल्ल्यातले, कोणत्या जातीचे, कोणत्या पंथाचे, हा प्रश्न तेथे उद्भवताच कामा नये. साताऱ्याच्या त्या एका पंक्तीने जे शिकविले, ते आपण शंभर वर्षांनंतर विसरलो तर आपल्या समरसतेच्या भाषणांना काडीचाही अर्थ उरणार नाही.

कार्यकर्त्याच्या दृष्टीने हे काम दिसण्यात लहान आहे. यात मोर्चा नाही, घोषणा नाही, वृत्तपत्रात बातमीही येणार नाही. रोवणीच्या दिवसांत जी मुलगी घरी राहणार होती ती वर्गात बसली, एवढेच याचे फळ. पण ती मुलगी उद्या आई होईल आणि तिच्या लेकीला शाळेत पाठवायला तिला कोणी समजवावे लागणार नाही. यंदा अड्याळच्या परिसरात परहे रोवणीला येतील तेव्हा गावातील किती मुली बांधीत आहेत आणि किती वर्गात, हे आपल्यापैकी कोणीतरी एकदा शाळेत जाऊन मोजावे. जो आकडा हाती येईल तो शाळेचा नव्हे, आपल्या गावाचा निकाल असेल.